दोष आढळला नाही

आर्डिथ कोव्हालचिकने एकोणतीस वर्षं बंदुका विकल्या आणि त्याची तिला कधी लाज वाटली नाही. वाटली ती बंदुका विकणं बंद झालं तेव्हा.

हॅकेट्स फोर्कमध्ये ऑर्डवेचं दुकान म्हणजे अख्खा बाजार एका छपराखाली. बाळाची लंगोटी तिथेच, गाडीचं तेल तिथेच, गोठवलेले मासे तिथेच, थडग्यावर ठेवायची कापडी फुलंही तिथेच. आणि अगदी मागे, रंगाच्या डब्यांच्या पलीकडे, बंदुकांचं काउंटर. त्या काउंटरमागे निळा कोट घालून आर्डिथ उभी असायची. बाप लाकूडतोड्या, त्याने नवव्या वर्षी तिच्या हातात रायफल दिली आणि डोळे बांधून ती सुटी करून पुन्हा जोडायला शिकवलं. नवरा जीन, त्याने तिला दोन मुली आणि एक बंद पडलेला ट्रक दिला आणि फ्लोरिडाला निघून गेला. मुली मोठ्या होऊन शहरात गेल्या. ट्रक अजून अंगणात आहे.

आधी ती म्हाताऱ्या फेंटनच्या बंदुकांच्या दुकानात होती. गावातलं ते एकच खास दुकान. मग हमरस्त्यावर ऑर्डवे आलं आणि फेंटनला काडतुसं ज्या भावाने मिळायची त्याहून स्वस्त विकू लागलं. दोन हिवाळ्यांत फेंटनने दाराला फळ्या ठोकल्या. ऑर्डवेने आर्डिथला बोलावलं तेव्हा ती आधी फेंटनकडे गेली, मान खाली घालून. तो म्हणाला, "जा पोरी. पोट कुणाला चुकलंय?" गेली. पण फेंटनची एक गोष्ट ती बरोबर घेऊन गेली. फेंटन म्हणायचा, बंदूक विकताना बंदुकीकडे बघू नये, माणसाकडे बघावं. बंदूक आपण ओळखतोच.

ऑर्डवेचा एक नियम तिला फार आवडायचा. बंदूक घेतली तरी गिऱ्हाइकाच्या हातात काउंटरवर द्यायची नाही. खोकं विकणाऱ्याने उचलायचं, गिऱ्हाइकाबरोबर थेट दारापर्यंत चालत जायचं आणि दाराबाहेर हातात द्यायचं. कंपनीने तो चोरीच्या भीतीने केला होता. आर्डिथने त्याचा वेगळाच उपयोग केला. रंगाचे डबे, खेळणी, बिस्किटं, गल्ले असं चालत जाताना ती गप्पा मारायची. बायको कशी आहे? थोरल्याचं काय चाललंय? कागद गिरणीतून काही कळलं का? माणूस काउंटरवर खोटं बोलतो, चालताना फार काळ ते जमत नाही. ऑर्डवेतल्या इतक्या वर्षांत सहा वेळा ती खोकं घेऊन दारातून परत फिरली होती. "आज नाही देत," एवढंच म्हणाली. शिव्या खाल्ल्या. एकाने पुढे चार वर्षांनी नाताळात हरणाच्या मांसाचं सॉसेज आणून दिलं आणि काही न बोलता गेला.

आणि एक गोष्ट कंपनीला ठाऊकच नव्हती.

काउंटरमागच्या खोलीत दुरुस्तीला आलेल्या बंदुकांची मांडणी होती. त्यात चार-पाच बंदुका अशा असायच्या की त्यांना काही म्हणजे काही झालेलं नव्हतं. आमच्याकडे माणूस सरळ येऊन म्हणत नाही, की बाई, हल्ली रात्री घरात ही असली की मला माझीच भीती वाटते. मेला तरी म्हणणार नाही. तो म्हणतो, हिची दुर्बीण हलतेय. चाप जड झालाय. आर्डिथ चाप ओढून बघायची, तो हलका असायचा. मग ती म्हणायची, "हो, जडच आहे." चिठ्ठी लिहायची, सुतळीने बांधायची, बंदूक मागे नेऊन ठेवायची. सहा महिन्यांनी, वर्षाने, माणसाच्या चेहऱ्यावर रंग आला की तो येऊन विचारायचा, "झाली का हो दुरुस्त?" ती म्हणायची, "कालच झाली."

तिचा भाऊ लायल असाच आला होता. तिच्याहून पाच वर्षांनी धाकटा. कागद गिरणी बंद पडली त्या वर्षी त्याची बायको पेग कर्करोगाने गेली. मार्चमधली दुपार होती. त्याने बापाची रायफल काउंटरवर आडवी ठेवली आणि तो काडतुसांच्या खोक्यांकडे बघत उभा राहिला.

"काय झालं हिला?"

"बोल्ट अडकतोय."

आर्डिथने बोल्ट, म्हणजे काडतूस आत सारणारा दांडा, मागे ओढला, पुढे सारला. लोण्यातून सुरी जावी तसा गेला.

"अडकतोय खरा," ती म्हणाली. "सुटा भाग मागवावा लागेल."

"वेळ लागेल?"

"लागेल रे. बाबांच्या वेळची आहे. आता कोण बनवतंय?"

"लागू दे," तो म्हणाला. "मला काही घाई नाही."

त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी लायल दुकानात यायचा. काउंटरवर कोपर टेकायचा.

"आला का भाग?"

"नाही बाबा."

"झोपा काढतात लेकाचे."

"पगार मात्र वेळेवर घेतात."

"तेवढं बरं जमतं," तो म्हणायचा, कुत्र्याची बिस्किटं घ्यायचा आणि जायचा. दीड वर्ष हे चाललं. बहीणभावांत त्या विषयावर याहून एक शब्द जास्त झाला नाही. आर्डिथला वाटायचं, होतंय ते ठीक होतंय, आपण बोलून कशाला बिघडवा?

सप्टेंबरात कंपनीने जाहीर केलं की ऑर्डवे यापुढे बंदुका आणि काडतुसं विकणार नाही. दूर कुठे तरी एका दुकानात माणसं मारली गेली होती, आणि कंपनीला सदसद्विवेक आठवला होता. शहरातल्या वर्तमानपत्रांनी पाठ थोपटली. आर्डिथच्या थोरल्या मुलीने फोन करून सांगितलं, "मॉम, शेवटी तुझ्या कंपनीला अक्कल आली!" गावात मात्र तिला पेट्रोल पंपावर लोक विचारू लागले, "काय आर्डिथ, आता हरणांना पुस्तक वाचून दाखवायचं का?" चर्चमध्ये एका बाईने तिच्या शेजारची जागा बदलली, जणू कंपनीच्या मालकीणबाई हीच.

तिचं स्वतःचं मत विचाराल तर तिला दोन्ही बाजूंचा संताप यायचा. बंद करायचं तर करा. पण ज्याने फेंटनला संपवलं, त्याने आता सोवळं नेसून निघून जायचं? आणि जाताना काय केलं, तर सगळा माल निम्म्या भावात काढला. रांग खेळण्यांपर्यंत जायची. आठ आठवड्यांत त्या काउंटरने मागच्या तीन वर्षांत विकल्या नसतील एवढ्या बंदुका विकल्या. दारापर्यंत चालत जाताना गप्पा मारायला आता वेळ नव्हता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात. इथे तर बंबातून रॉकेल येत होतं. एका माणसाला आर्डिथने नाही म्हटलं, तर व्यवस्थापक कॉर्विन बॅबने येऊन त्याला स्वतः विकली.

"आर्डिथ, तुम्ही कशाला डोक्याला ताप करून घेता?" बॅब म्हणाला. "कागद साफ आहेत त्याचे."

"कागद साफ आहेत. माणूस बघितलात?"

"आता माणसं बघायची नाहीत, माल काढायचाय." बॅब वाईट नव्हता. त्याला फक्त वरून आलेलं पत्र दिसायचं आणि पत्राच्या पलीकडचं काही दिसायचं नाही.

ऑक्टोबरात मुख्य कचेरीतून एक तपासनीस आला. दुरुस्तीची खोली रिकामी करायची होती. त्याने एका दुपारात पाच बंदुका तपासल्या, पाचही चिठ्ठ्यांवर एकच ओळ लिहिली आणि बाहेर येऊन हात पुसत म्हणाला, "दोष आढळला नाही. एकीतही नाही. बाई, या बिघडल्यात असं तुम्हाला सांगितलं कुणी?"

"गिऱ्हाइकांनी."

"आणि तुम्ही मानलंत? एकोणतीस वर्षं झाली म्हणे तुम्हाला."

बॅबचे कान लाल झाले. लोकांच्या चांगल्या बंदुका दीड दीड वर्ष अडकवून ठेवल्या म्हणजे उद्या कुणी कोर्टात गेलं तर? आर्डिथला खरं सांगता आलं असतं. पण सांगायचं म्हणजे पाच नावं सांगायची, आणि ती पाचही माणसं बॅबला चर्चमध्ये भेटणार. ती म्हणाली, "नजर कमी झाली असेल माझी." बॅबने तिला लेखी समज दिली.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला पत्रं गेली. कचेरीतल्या यंत्राने छापलेली, वर हसरा चेहरा. आनंदाची बातमी! आपली वस्तू तपासून तयार आहे. कोणताही दोष आढळला नाही. अमुक शनिवारपर्यंत घेऊन जावी, अन्यथा नष्ट करण्यात येईल. दुरुस्तीची वस्तू मालकाचीच, त्यामुळे परत देताना कसली चौकशी नाही, वाट पाहणं नाही. सही केली की झालं. बंदुकांपासून लोकांना वाचवायला निघालेल्या कंपनीने त्या पाच घरांना आपण होऊन बंदुका परत धाडल्या.

तो शनिवार म्हणजे शिकारीच्या सोमवारच्या आधीचा शनिवार. त्या सोमवारी आमच्याकडे शाळा बंद, गिरणी होती तेव्हा गिरणीही बंद. ज्याला पाय आहेत तो हरणामागे रानात.

आर्डिथने देवाजवळ एकच मागणं मागितलं: लायल येऊ नये. न नेलेली नष्ट होईल. बापाची रायफल वितळून गेली तर जाऊ दे. पहिल्या आठवड्यात दोन माणसं आली आणि तिच्या नजरेला नजर न देता खोकी घेऊन गेली. दुसऱ्यात एक. लायल आला नाही. गुरुवारी थँक्सगिव्हिंगच्या सणाला तो तिच्याकडे जेवायला आला. दोघंच होती. टर्की, तिने केलेली कोबी आणि शेवया, भोपळ्याचं गोड सारण भरून भाजलेला 'पाय'. चार तास तो स्वयंपाकघरात बसून होता. पत्राचं नावही त्याने काढलं नाही, आणि हिला एवढं हायसं वाटलं की ती सारखी बोलतच राहिली, भोपळ्याच्या सारणात यंदा आलं जास्त घातलंय, कणीक आधी गार करायची असते, अशा गोष्टी.

शनिवारी दुपारी चार वाजता तो आला.

दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. शेवटचा दिवस, शेवटचा माल, नारिंगी जाकिटं घातलेल्या माणसांची रांग मागच्या काउंटरपासून थेट दरवाजापर्यंत. बॅब आर्डिथच्या कोपराशी यादी घेऊन उभा. लायलने हातातलं पत्र काउंटरवर ठेवलं आणि तळहाताने सपाट केलं.

"आलं तुमचं पत्र," तो म्हणाला. "सगळं ठीक आहे म्हणतात."

तो आर्डिथकडे बघत होता. आर्डिथ बॅबकडे.

"एकदम उत्तम आहे सर," बॅब म्हणाला. "आमच्या माणसाने तपासलीय. इथे सही करा."

लायलने पेन उचललं नाही. "आर्डी, बोल्टचं काय?"

"पत्रात लिहिलंय तसंच," आर्डिथ म्हणाली.

त्याने सही केली. तिने खोकं उचललं. दोघं चालू लागली आणि रांग त्यांच्या बरोबरीने होतीच, संपेचना. "लायल, यंदा हरणालाच लागू दे रे, मागच्या खेपेसारखी गाय नको!" कुणी तरी म्हणालं आणि लोक हसले, लायलही हसला. त्याची मान तिला बाजूने दिसत होती. दाढी नीट केली नव्हती. कॉलर दोन बोटं सैल झाली होती. गुरुवारी चार तास समोर बसला होता तेव्हा हे तिला दिसलं नव्हतं, की तिने पाहिलं नव्हतं, कोण जाणे.

दाराबाहेर ती थांबली. खोकं छातीशी धरून उभी राहिली. तिला फार हळू विचारायचं होतं. पण उभा जन्म बंदुकांच्या आवाजात गेलेला, डावा कान कधीच गेला होता, आणि तिचं हळू म्हणजे दुसऱ्याचं मोठ्याने.

"लायल, तू स्वतःला मारून घेणार नाहीस ना?"

सरकतं दार तिच्या पाठीशी उघडंच राहिलं होतं. रांगेतली वीस-पंचवीस माणसं एका क्षणात गप्प झाली. कुणी टोपी काढली, कुणी बुटाकडे बघू लागलं. लायलचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा.

"खुळी का काय तू?" तो म्हणाला आणि हसायला गेला. "परवा शिकार आहे. शिकारीला नको का?"

"मग माझ्याकडे ठेव. सोमवारी पहाटे ने."

"सोड, आर्डी."

"लायल, ऐक ना—"

"सोड म्हणतो ना! लोक बघतायत."

तिने सोडलं. खोकं बगलेत मारून तो गाड्यांमधून निघून गेला. आत बॅब म्हणत होता, "चला, पुढचं कोण?"

अंधार पडायच्या आत गावभर झालं. रविवारी पाद्री नूडल्सचं भांडं घेऊन लायलच्या दारात. दोन चुलतभाऊ आले आणि त्याच्यासाठी प्रार्थना करूनच हलले. सोमवारी शिकारीच्या कॅम्पवर त्याला जागा धरून ठेवली होती, पण एकाने हळूच सांगितलं की यंदा तू चूल सांभाळ, बंदूक राहू दे. चांगल्या मनाने सांगितलं. लायल तिथूनच मागे फिरला. बायको गेलेली, काम गेलेलं, तरी तो हॅकेट्स फोर्कमधला एक ताठ माणूस होता. तेवढं एक उरलं होतं, तेही बहिणीने दारात उभं राहून घालवलं. त्या दिवसापासून त्याने कुणाला दार उघडलं नाही. आर्डिथचा फोन उचलला नाही. पहिल्या शुक्रवारी दुकानात आला नाही. कशाला येणार?

काउंटरच्या जागी बागेतल्या खुर्च्या आल्या. दोन फूट बर्फ पडलेलं असताना आर्डिथ बागेतल्या खुर्च्या विकत उभी राहायची. भिंतीवर मोठं चित्र, त्यात एक हसरं कुटुंब, खाली लिहिलेलं: आम्ही सुरक्षित गावं घडवतो. खुर्च्या विकत घ्यायला कुणी येत नसे. बंदुकांचं म्हणाल तर गावाचं काही अडलं नाही. पलीकडच्या गावात वस्तू गहाण ठेवून घेणाऱ्याच्या दुकानात मिळतात. तो माणूस कागद बघतो, चेहरा बघायचं त्याला कारण नाही. आणि जानेवारीत एक बाई नवऱ्याची रायफल चादरीत गुंडाळून आली, खुर्च्यांमध्ये भांबावून उभी राहिली आणि म्हणाली, "इथे दुरुस्तीला घेत होते ना?" आर्डिथने तिला आपल्या घरचा पत्ता दिला. ती आली नाही.

रोज सकाळी साडेसहाला आर्डिथ कामावर जाताना वाट वाकडी करून लायलच्या घरावरून जायची. गाडी हळू करायची, धुराड्याकडे बघायची. धूर असला की पुढे जायची. भावाशी एवढंच नातं उरलं होतं, आणि ते तिला पुरे होतं असं ती स्वतःला सांगायची.

फेब्रुवारीत एका सकाळी धूर नव्हता.

गाडी थांबवून ती बसून राहिली. हात स्टिअरिंगवरून निघेचनात. मग उतरली, गुडघाभर बर्फातून गेली आणि दार दोन्ही मुठींनी ठोकू लागली.

दार लगेच उघडलं. लायल कोट-टोपी घालून उभा होता, दारामागेच. आत चूल गार.

"चार मिनिटं," तो म्हणाला. "चार मिनिटं बसलीस गाडीत. मी घड्याळ लावून बघत होतो."

"धूर नव्हता," आर्डिथ म्हणाली.

"मुद्दामच पेटवली नाही. म्हटलं बघावं, ही उतरते का तिथूनच पोलिसाला फोन करते."

"मेल्या!" ती म्हणाली आणि रडायला लागली. "दे मला ती रायफल. आत्ताच्या आत्ता दे. माझ्या घरी राहील."

"का? काय झालंय तिला?"

तिने बाहीने डोळे पुसले.

"विचारायचंच होतं ना तुला?" लायल म्हणाला. आवाज चढला नव्हता. "गुरुवारी तुझ्या स्वयंपाकघरात चार तास बसलो. भोपळ्याचा पाय दोनदा घेतला. खिशात तुमचं पत्र होतं. म्हटलं आता विचारेल, आपण दोघंच आहोत, आता विचारेल. तू मला कणीक गार कशी करायची ते सांगत बसलीस."

"मला वाटलं, तुझ्या मनात नाही. तू विसरलास."

"विसरलो!" तो क्षणभर तिच्याकडे बघतच राहिला. "बरं, ते जाऊ दे. शनिवारी आलो, म्हटलं निदान खोटं तरी बोलेल. म्हणेल, पत्र चुकलंय, भाग यायचाय अजून. मी तुला विचारलंसुद्धा, आर्डी. बोल्टचं काय म्हणून विचारलं. तू नुसती मान हलवली असतीस ना, तर मी बिस्किटं घेऊन घरी गेलो असतो. देवाशपथ गेलो असतो."

"बॅब उभा होता रे शेजारी."

"हो," लायल म्हणाला. "बॅब उभा होता."

"आता दे. लायल, आता तरी दे."

"आता कशाला? आता सगळ्या गावाला माहीत आहे. आता दिली तर गावाचंच खरं ठरेल. आता ती माझीच आहे." तो मागे सरला. "जा. उशीर होईल तुला. खुर्च्या वाट बघत असतील."

त्याने दार आपटलं नाही, हळूच लावलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला. आर्डिथ पुन्हा गाडीत येऊन बसली. काचेवर तिच्या श्वासाचं धुकं धरत होतं आणि ती ते बाहीने पुसत होती, धुराडं दिसावं म्हणून. सात वाजले, सव्वासात झाले. साडेसातच्या सुमाराला धूर आला, पातळसा, ओल्या लाकडाचा. तेव्हा तिने गाडी सुरू केली आणि ती कामावर गेली. दुसऱ्या दिवशी ती सहालाच निघाली.